अठरा फुटांचं कोडं: गाडीतल्या सीबी रेडिओची केबल

अमेरिकेत हमरस्त्यालगतच्या एखाद्या ट्रक स्टॉपवर सीबी रेडिओची अँटेना-केबल मागितली, तर हातात पडणारं वेटोळं बहुतेक वेळा १८ फुटांचं असतं. गाडी दोन दारांची जीप असो की अठरा चाकांचा ट्रक, केबल तेवढीच. जीपवाल्याला त्यातले आठ-नऊ फूट पुरतात. उरलेली केबल सीटखाली कोंबायची की कापायची, असं त्याने विचारलं की दुकानदार एक सांगतो, शेजारी उभा असलेला ट्रकवाला दुसरं आणि रेडिओ दुरुस्त करणारा तिसरंच.

ढोबळमानाने इथे तीन पंथ आहेत. पहिला म्हणतो, जितकी जाड केबल तितका आवाज लांब. दुसऱ्याच्या मते १८ फूट हा मंत्र आहे, त्याला कात्री लावायची नाही. तिसऱ्याला हे सगळं थोतांड वाटतं. तार ती तार, घरातल्या टीव्हीची उरलेली केबलही चालेल म्हणतो. तिघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि तिघेही चुकीच्या जागी बघतात. गाडीतली केबल तिच्या जातीमुळे क्वचितच दगा देते. ती दगा देते दोन टोकांना आणि दारात.

चार वॅटचा संसार

आधी थोडी पार्श्वभूमी. २७ मेगाहर्ट्‌झचा सीबी (सिटिझन्स बँड) पट्टा अमेरिकेत सामान्य नागरिकांसाठी १९५८ मध्ये खुला झाला. त्याला खरा बहर आला तो १९७३ च्या तेलटंचाईत. डिझेल कुठल्या पंपावर मिळतंय आणि ताशी ५५ मैलांची नवी वेगमर्यादा मोडणाऱ्यांना पकडायला पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे ट्रकवाले एकमेकांना रेडिओवरून सांगू लागले. गर्दी इतकी वाढली की १९७७ पासून २३ ऐवजी ४० चॅनेल द्यावे लागले आणि पुढे १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अटही गेली. आजही ट्रकवाले चॅनेल १९ वर बोलतात आणि चॅनेल ९ संकटकाळासाठी राखलेला आहे. मोबाइलने बरीच जागा घेतली. तरी लांब पल्ल्याचे ट्रक आणि डोंगरदऱ्यांत जीप घालणारी मंडळी यांच्याकडे हा रेडिओ टिकून आहे.

कायद्याने मिळणारी ताकद मात्र बेताची: नेहमीच्या एएम पद्धतीत ४ वॅट, सिंगल साइडबँडमध्ये कमाल १२ वॅट. घरातला एलईडी दिवाही बहुधा चार वॅटपेक्षा जास्त खातो. म्हणून यातला थेंबही वाया जाऊ नये असं प्रत्येकाला वाटतं, आणि जाड केबलवाल्यांचा पंथ नेमका इथेच जन्माला येतो.

जाड की बारीक?

केबल सोलून पाहिली तर मध्ये तांब्याचा गाभा, त्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर तारांची विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर काळं आवरण दिसतं. सीबीसाठी ५० ओहमची केबल लागते, आणि बाजारात तिच्या तीन जाती सर्रास मिळतात. आरजी-५८ ही साधारण ५ मिलिमीटर जाड, आरजी-८एक्स ६ मिलिमीटर, तर आरजी-२१३ थेट १० मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढी.

आता हिशेब करू. २७ मेगाहर्ट्‌झला आरजी-५८ शंभर फुटांमागे साधारण २ ते २.५ डेसिबल खाते. आरजी-२१३ त्याच्या निम्म्याच्या आसपास खाते आणि आरजी-८एक्स या दोघींच्या मध्ये बसते. शंभर फुटांच्या टॉवरवर हा फरक मोठा आहे. गाडीत आपण १८ फुटांबद्दल बोलतोय. तेवढ्या आरजी-५८ मध्ये सुमारे ०.४ डेसिबल जातात; रेडिओतून निघालेल्या ४ वॅटपैकी साधारण ३.६५ वॅट अँटेनापर्यंत पोचतात. आरजी-२१३ टाकली तर ३.८ वॅट पोचतील. हा फरक ऐकणाऱ्याच्या कानाला कळणार नाही. रेडिओवरच्या सिग्नल मीटरचा काटा एक घर हलायला रूढ मापाने ६ डेसिबल लागतात. इथे आपण ०.२ डेसिबलवर भांडतोय.

उलट जाड केबलचे तोटे गाडीत ढळढळीत दिसतात. केबल वाकवताना वळणाची त्रिज्या तिच्या जाडीच्या दहापट तरी असावी, हा सर्वसाधारण नियम. आरजी-५८ पाच सेंटिमीटरच्या त्रिज्येत निमूट वळते. आरजी-२१३ ला दहा सेंटिमीटर लागतात, आणि दाराच्या रबराखाली किंवा गालिच्याच्या कडेला एवढी जागा नसते. मग ती दाबून, मुरडून बसवली जाते. जी पाव वॅटसुद्धा वाचवत नाही, ती केबल वाटेतच जायबंदी होते.

आरजी-८एक्सचा तोटा वेगळा. तिच्यातलं पांढरं प्लास्टिक फोमचं, हवेच्या बुडबुड्यांचं असतं. त्यामुळे ती कमी खाते, पण तीव्र वळण आणि उन्हाची धग एकत्र आली की फोम मऊ होतो आणि गाभा हळूहळू एका बाजूला सरकतो. जाळीच्या जवळ गेला की त्या जागी ५० ओहम राहत नाहीत. टेकलाच तर सरळ शॉर्ट.

जातीपेक्षा मी खरेदी करताना चार गोष्टी बघेन. गाभा एकसंध तारेचा नको, बारीक तारांचा पीळ असलेला हवा. गाडी सतत थरथरते आणि एकसंध तार वाकवून वाकवून तुटते. जाळी दाट हवी. चांगल्या केबलीत ती ९५ टक्क्यांच्या आसपास झाकते, स्वस्तातल्या केबलीत आतलं पांढरं प्लास्टिक जाळीतून डोकावतं. तांबं खरं हवं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारेला सोल्डर नीट धरत नाही. आणि आवरण उन्हापावसाला टिकणारं हवं. साध्या पीव्हीसीतली मऊपणा आणणारी रसायनं काही वर्षांत आतल्या प्लास्टिकमध्ये झिरपतात आणि केबल बाहेरून धडधाकट दिसत असतानाच आतून नासते.

तिसऱ्या पंथाची टीव्हीची केबल? ती ७५ ओहमची. एकट्या अँटेनाला लावली तर रेडिओ जळणार नाही, पण मेळ बिघडतो. शिवाय आजच्या टीव्ही केबलचा गाभा बहुधा एकसंध, तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो. गाडीसाठी ती नकोच. तरीही ७५ ओहमला सीबीच्या जगात एक मानाची जागा आहे, आणि अठराचं कोडं तिथेच सुटतं.

अठरा फूट आले कुठून?

चॅनेल १९ म्हणजे २७.१८५ मेगाहर्ट्‌झ. याची तरंगलांबी सुमारे ११ मीटर, म्हणजे ३६ फूट. पाव तरंग ९ फुटांचा. केबलमध्ये लहर हवेतल्यापेक्षा हळू धावते. भरीव प्लास्टिकच्या केबलीत तिचा वेग प्रकाशाच्या ६६ टक्के असतो, म्हणून केबलमधला पाव तरंग ९ ऐवजी ६ फुटांचा होतो. त्याच्या तिप्पट, म्हणजे पाऊण तरंग, बरोबर १८ फूट.

मोठ्या ट्रकच्या दोन्ही आरशांवर एकेक अँटेना असते आणि दोन्ही एकाच रेडिओला जोडायच्या असतात. ५० ओहमच्या दोन अँटेना नुसत्या एकत्र बांधल्या तर रेडिओला २५ ओहम दिसतात. इथे ७५ ओहमची केबल मदतीला येते. तिची लांबी पाव तरंगाच्या विषम पटीत ठेवली की ती एका टोकाच्या ५० ओहमचे दुसऱ्या टोकाला ११२ करून दाखवते: ७५ चा वर्ग भागिले ५०. अशा दोन केबली एकत्र आल्या की ५६ ओहम, आणि रेडिओ खूश. एक पट म्हणजे ६ फूट आरशापासून डॅशबोर्डपर्यंत पुरत नाहीत, म्हणून तिप्पट घेतात. अठराचा जन्म इथला.

म्हणजे दुसऱ्या पंथाचा मंत्र खोटा नाही, फक्त त्याचं देऊळ वेगळं आहे. दोन अँटेनांच्या जोड-केबलला कात्री लावायची नाही, हे शंभर टक्के खरं. उलट ती फोमच्या ७५ ओहम केबलीची निघाली तर १८ फूटही चुकीचे. तिथे वेग ८० टक्क्यांच्या घरात जातो आणि पाऊण तरंगाला पावणेबावीस फूट लागतात. एकाच अँटेनाची ५० ओहमची केबल मात्र, अँटेना नीट जुळलेली असेल तर, आठ फूट असो वा अठरा, रेडिओला ५० ओहमच दिसणार. ती कापायला हरकत नाही.

मग अनुभवी माणसं शपथेवर का सांगतात, की केबल कापली आणि एसडब्ल्यूआर मीटरचा (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा बिघडला? तीही खोटं बोलत नाहीत.

जाळीची दुसरी बाजू

२७ मेगाहर्ट्‌झचा प्रवाह तांब्याच्या आत शिरत नाही; पृष्ठभागावरच्या मिलिमीटरच्या ऐंशीव्या हिश्शाएवढ्या थरातून वाहतो. त्यामुळे जाळीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजू जणू दोन वेगळ्या तारा होतात. आतल्या बाजूने अँटेनाचं काम चालतं. बाहेरच्या बाजूवर काहीच असायला नको.

पण गाडीवरची अँटेना एकटी पुरी नसते. तिला खालचा पत्रा आरशासारखा लागतो. अँटेना अर्धी, पत्रा उरलेली अर्धी. ९ फुटांची पूर्ण छडी गाडीवर कुणी सहसा लावत नाही. वेटोळं घालून आखूड केलेली तीन-चार फुटांची लावतात, आणि तिला हा पत्रा अधिकच जरुरीचा. ब्रॅकेट आणि गाडीचं अंग यांत रंगाचा किंवा गंजाचा थर असला, किंवा टप फायबरचा असला, की प्रवाह पत्र्याऐवजी दुसरी जमीन (ग्राउंड) शोधतो, आणि ती त्याला जाळीच्या बाहेरच्या बाजूवर मिळते. केबलच अँटेनाचा भाग बनते. मग केबलची लांबी, तिची वाट, सीटखालचं वेटोळं, इतकंच काय, माइक धरलेल्या माणसाचा हातसुद्धा मीटरचा काटा हलवतो.

लांबी बदलल्यावर मीटर बदलत असेल तर दोष लांबीचा नाही, जमिनीचा आहे. उपायही तिथेच: ब्रॅकेटखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर लावायचा, आणि जोडणी दार किंवा मागच्या झडपेवर असेल तर तिथून चासीपर्यंत तांब्याची विणलेली चपटी पट्टी टाकायची. बिजागरीवर विसंबायचं नाही. तिच्यात ग्रीस असतं. अँटेनाजवळ केबलवर फेराइटचे मणी चढवले तर बाहेरचा प्रवाह आणखी अडतो.

चुंबकाच्या तळाची अँटेना याला अपवाद वाटते, कारण ती रंगावरच बसते. तिथे तळ आणि पत्रा मिळून कपॅसिटर बनतो आणि जमीन त्यातून मिळते. म्हणून ती टपाच्या मधोमध ठेवावी, कडेला नाही. मात्र फोर्डच्या एफ-१५० पिकअपचं अंग २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचं आहे. तिथे चुंबक चिकटतच नाही. पत्रा म्हणून ॲल्युमिनियम उत्तम, पण अँटेना बोल्टने कसावी लागते.

टोक बनवताना

रेडिओच्या टोकाला पीएल-२५९ नावाचा कनेक्टर असतो. बारीक केबलीसाठी त्यात एक रिड्यूसर बसवावा लागतो: आरजी-५८ ला यूजी-१७५, आरजी-८एक्सला यूजी-१७६. हे दोन्ही दिसायला सख्खी भावंडं. एकाच्या जागी दुसरा घेतला तर केबल शिरत नाही किंवा डुगडुगते.

काम सुरू करताना सगळ्यात आधी कनेक्टरची फिरती टोपी आणि रिड्यूसर केबलवर ओवायचे. हे विसरून सोल्डर मारलं नाही असा माणूस विरळा. मग सगळं तोडून पुन्हा पहिल्यापासून. आवरण सोलताना पातं जाळीला लागू द्यायचं नाही. जाळी उलगडून रिड्यूसरच्या मानेवर मागे दुमडायची, एकही तार गाभ्याकडे डोकावत नाही ना ते भिंग लावून बघायचं, मग रिड्यूसर आत फिरवायचा. कनेक्टरच्या अंगावर भोकं असतात. त्यांतून जाळी दिसते आणि तिथेच सोल्डर द्यायचं असतं. इथे छोटं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न घात करतं. कनेक्टरचं धातूचं अंग उष्णता पिऊन टाकतं, आपण मिनिटभर आयर्न टेकवून बसतो आणि तोवर आतलं प्लास्टिक वितळून गाभा जाळीला भेटतो. ८०-१०० वॅटचं जाड टोकाचं आयर्न आणि पाच-दहा सेकंदांत काम, हा बरोबर मार्ग. सोल्डर जमत नसेल तर क्रिंप करणं कमीपणाचं नाही. फक्त पक्कड त्या मापाची हवी.

शेवटी मल्टिमीटर. केबल दोन्हीकडून मोकळी ठेवून गाभा ते गाभा शून्याजवळ, जाळी ते जाळी शून्याजवळ, गाभा ते जाळी काहीच नाही. हे मोजताना केबल हलवत राहायचं. स्थिर असताना पास होणारा जोड खड्ड्यात नापास होतो.

अँटेनाच्या टोकाची गोष्ट पाण्याची आहे. उघडी जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते आणि ते फुटन् फूट आत सरकतं. सोलल्यावर जाळी काळी पडलेली दिसली की केबल फेकायची. टोक कापून भागत नाही. बाहेरच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे कौलांसारखी वरची घडी खालच्या घडीवर येते आणि पाणी वरच्या वर निघून जातं.

वाट

दार हा केबलचा सर्वांत मोठा शत्रू. दाराच्या चौकटीत रबराखाली चिमटलेली केबल काढून सोलली की चित्र ठरलेलं असतं: आवरण शाबूत, पण गोल केबल चपटी झालेली, जाळीच्या निम्म्या तारा तुटून सुयांसारख्या उभ्या आणि त्यातली एखादी गाभ्याच्या दिशेने. दोषही विक्षिप्त, दार उघडं असताना सगळं ठीक, मिटलं की बिघाड. म्हणून एकाने मीटरकडे बघत बसायचं आणि दुसऱ्याने एकेक दार उघडायचं-मिटायचं, ही परीक्षा प्रत्येक नव्या जोडणीनंतर घ्यावी. दारातूनच न्यायची तर बिजागरीच्या बाजूला, रबर मऊ आणि फट मोठी असते तिथून न्यावी. कुलपाच्या बाजूने कधीच नको.

त्याहून चांगली वाट म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातलं रबरी बूच. तिथून गाडीच्या मूळ तारा जातातच. नवं भोक पाडलं तर कडा घासून, रंग लावून, रबरी बुश बसवल्याशिवाय केबल ओढायची नाही. पत्र्याची कडा हजार किलोमीटरच्या थरथरीत करवतीचं काम करते. आत शिरण्याआधी केबलला खाली झुकणारा एक झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी आत न येता तिथेच ठिबकतं.

इंजिनाच्या बाजूला सायलेन्सरच्या नळ्या, पंखा आणि स्टिअरिंगचा दांडा यांपासून लांब राहावं. स्पार्क प्लगच्या तारा आणि पेट्रोल पंपाच्या मोटरची वायर यांना समांतर जाऊ नये; ओलांडायचंच झालं तर काटकोनात. रेडिओची वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून घ्यावी. रेडिओतली घरघर केबलमुळे होते असं वाटतं तेव्हा ती पुष्कळदा या वायरीतून आलेली असते.

केबिनमध्ये एक धोका जीवघेणा आहे. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात आणि छताच्या कडेला आजच्या गाड्यांत पडद्यासारख्या एअरबॅग असतात. त्यांच्यापुढून गेलेली केबल अपघाताच्या क्षणी एअरबॅगची वाट अडवू शकते किंवा फटकाऱ्यासारखी अंगावर येऊ शकते. खांबाचं कव्हर काढल्यावर पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा प्लग दिसला की तिथून मागे फिरावं आणि केबल खाली, दाराच्या उंबरठ्यावरच्या पट्टीखालून न्यावी.

उरलेल्या केबलचं काय? कापता आणि कनेक्टर बनवता येत असेल तर कापा. नसेल तर फूटभर लांबीच्या सैल लडीत घडी घाला आणि मधोमध हलकेच बांधा. आवळलेलं गोल वेटोळं आतल्या लहरीचं काही बिघडवत नाही, पण वळणं तीव्र होतात आणि कधीतरी कुणाची तरी टाच त्यावर पडते.

मीटर काय सांगतो, काय लपवतो

सगळं बसल्यावर एसडब्ल्यूआर मीटरने चॅनेल १, १९ आणि ४० वर मोजायचं, तेही मोकळ्या जागी आणि दारं लावून. आकडा १.५ असेल तर ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५. दोनच्या आत समाधान मानावं. तीनच्या वर बोलू नये, रेडिओच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला धोका असतो. चॅनेल ४० वर जास्त आणि १ वर कमी असेल तर अँटेना लांब, उलट असेल तर आखूड. सगळीकडेच जास्त असेल तर अँटेनाला हात न लावता केबल, टोकं आणि जमीन बघायची.

पण चांगला आकडाही फसवतो. समजा, केबल पाणी पिऊन जाताना ३ डेसिबल आणि येताना ३ डेसिबल खाते आहे. अँटेनापाशी आकडा ३ असेल तरी रेडिओपाशी १.७ दिसेल. अँटेना मुळातून तुटून पडली तरी मीटर ३ च्या वर जाणार नाही. एरवी वर्षभर २ दाखवणारा मीटर पावसाळ्यानंतर आपोआप १.३ वर आला, तर पेढे वाटायचे नसतात. केबल बदलायची असते.

आपल्याकडे

भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ५ वॅटपर्यंतच्या कमी शक्तीच्या उपकरणांना अटींसह परवानामुक्त आहे. अमेरिकेतले सगळेच्या सगळे चाळीस चॅनेल यात बसत नाहीत, तेव्हा तिथून आणलेला संच गाडीत लावून बाहेर अँटेना उभारण्याआधी नियमाचा मजकूर वाचावा. आपल्याकडे या अनुभवाचा खरा उपयोग परवानाधारक हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींना. त्यांचा गाडीतला संच बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झवर चालतो. तिथे पाच मीटर आरजी-५८ जवळपास एक डेसिबल, म्हणजे पाचवा हिस्सा शक्ती खाते आणि जाड केबलवाल्यांच्या म्हणण्याला वजन येतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर केबल घेताना म्हणूनच आधी वारंवारता सांगावी, मग जाडी विचारावी.

सीबीपुरता निकाल असा: एका अँटेनाला दाट जाळीची, पिळाच्या गाभ्याची आरजी-५८, लागेल तेवढीच लांब; दोन अँटेनांना तयार जोड-केबल, न कापता. जाड केबलसाठी बाजूला काढलेले पैसे चांगल्या कनेक्टरवर, रबरी बुशवर आणि ब्रॅकेटखालचा रंग घासायच्या पॉलिश पेपरवर घालवा. आणि निघण्याआधी चारही दारं एकदा मिटून, मीटर बघून घ्या.